वाचकांचे प्रश्न: गेम खेळून गणित येतं का?

गेल्या अंकात आपण म्हटलं होतं की मोबाईल, गेम आणि अभ्यास ह्यावर काय विचारायचं असेल ते पाठवा, तर बरीच पत्रं आली, व्हॉट्सऍपवर त्याहून जास्त. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापत नाही, वडोदऱ्यातला एरिया तेवढा ठेवलाय.

ताई, माझा मुलगा सहावीत आहे. शाळेने गणिताचं एक ऍप घ्यायला लावलं, वर्षाची फी भरली. रोज अर्धा तास बसतो, नाणी गोळा करतो, इतक्या लेव्हल पार केल्या म्हणून खूश असतो, पण युनिट टेस्टमध्ये मार्क जसेच्या तसे. सासरे म्हणतात मोबाईलच काढून घ्या. काय करू?
*एक आई, कारेलीबाग*

काढून घ्यायच्या आधी एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसा आणि काही न बोलता फक्त बघा की नाणी त्याला कशाबद्दल मिळतायत. बऱ्याच ऍपमध्ये काय असतं, गाडी पळवायची, उड्या मारायच्या, आणि मधेच एक गणित समोर येतं, खाली चार पर्याय. पोरगं पटकन एक दाबतं, चुकलं तर दुसरं दाबतं, कधीतरी बरोबर लागतंच आणि गाडी परत सुरू. अशा गेममध्ये गणित म्हणजे टोलनाका झालं, कधी एकदा सुटतोय असं होतं मुलाला. लेव्हल वाढते ती बोटाच्या स्पीडने, आणि युनिट टेस्टमध्ये पर्याय नसतात.

ह्याच्यावर इंग्लंडमध्ये हॅबगुड आणि एन्सवर्थ ह्या दोघांनी एक फार सुंदर अभ्यास केला होता, २०११ मध्ये छापून आला. त्यांनी भागाकाराचा एक गेम बनवला. समोरून सांगाडे चालून येतात, प्रत्येकाच्या छातीवर एक संख्या लिहिलेली, आणि तुमचा प्रत्येक वार म्हणजे एक भाजक. छातीवर १५ असेल तर ३ चा वार लागू पडतो, ५ चा पण, २ चा मारलात तर फुकट. म्हणजे कुठला वार करायचा हा विचार हाच भागाकाराचा विचार, वेगळं गणित सोडवायला थांबायचंच नाही. त्याच गेमची दुसरी आवृत्ती बनवली त्यात लढाई वेगळी आणि गणितं लेव्हल संपल्यावर. पहिल्या आवृत्तीवाली मुलं जास्त शिकली. आणि मला जास्त आवडलेली गोष्ट ही की कुठलीही आवृत्ती खेळा अशी मोकळीक दिली तेव्हा मुलं पहिलीवर सात पट जास्त वेळ रमली.

तर तुमच्या मुलाच्या ऍपमधून गणित काढून टाकलं तर गेम तसाच चालू राहील का, हे बघा. राहत असेल तर पुढच्या वर्षीची फी भरू नका आणि शाळेत तसं स्पष्ट सांगा, पालक बोलत नाहीत म्हणून ही ऍप चालतात. आणि आता रोज अर्धा तास खेळून झाला की त्यातलीच दोन-तीन गणितं वहीत, पर्याय न देता करायला सांगा. जमली तर ठीक, नाही जमली तर कुठे अडतो ते तरी कळेल. सासऱ्यांची काळजी खोटी नाही, पण मोबाईल काढून घेतल्याने भागाकार येणार नाही, तो कोणालातरी शेजारी बसून शिकवावाच लागेल.

मी म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवते. लॅब आहे पण चालू मशीन मोजकीच, वर्गात पस्तीस-चाळीस मुलं. वरून सारखं येतं की टेक्नॉलॉजी वापरा. आमच्यासारख्या शाळेत ह्याचा खरंच उपयोग होतो का, की हे सगळं मोठ्या प्रायव्हेट शाळांचं काम?
*एक शिक्षिका, वाडी*

बेन, ह्या प्रश्नावर जगभर ज्या अभ्यासाचं नाव घेतात तो आपल्या वडोदऱ्यातच झालाय, आणि तोही म्युनिसिपालटीच्या शाळांमध्येच! अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते दोघं, त्यांच्याबरोबर शॉन कोल आणि ली लिंडन, आणि इथे प्रत्यक्ष काम करणारी 'प्रथम' संस्था. आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांना हे माहीतच नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

राज्य सरकारने तेव्हा शहरातल्या १०० म्युनिसिपल शाळांना प्रत्येकी ४ कॉम्प्युटर दिले होते, पण लहान वर्गातल्या मुलांचा हात त्यांना फारसा लागतच नव्हता. २००२-०३ मध्ये प्रथमने काही शाळांमध्ये चौथीच्या मुलांसाठी गणिताचे गेम सुरू केले. आठवड्याला २ तास, त्यातला एक तास शाळेच्या वेळात आणि एक शाळेच्या आधी किंवा नंतर, एका मशीनवर २ मुलं. मुलाची उत्तरं बरोबर येत गेली की पुढची गणितं अवघड होत जायची, चुकली की सोपी. वस्तीतल्याच तरुण मुलामुलींना थोडं ट्रेनिंग देऊन तिथे बसवलेलं, पण त्यांनी गणित शिकवायचं नाही, फक्त गेम कसा खेळायचा ते समजायला मदत. कुठल्या शाळेला हे मिळेल ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, आणि पुढच्या वर्षी शाळांची अदलाबदल केली, ज्यांना मिळालं नव्हतं त्यांना दिलं.

निकाल असा की पहिल्या वर्षी गणिताचे गुण ०.३५ प्रमाण विचलनाने वाढले आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ ने. हे आकडे असे कळत नाहीत, म्हणून असं समजा की शंभर मुलं मार्कांप्रमाणे ओळीत उभी केली, शेवटून मोजत गेलात तर बरोबर मधे, पन्नासाव्या जागी असलेलं मूल दुसऱ्या वर्षीच्या फायद्याने साधारण अडुसष्टाव्या जागी गेलं. चार मशीनवाल्या शाळेत, एका माऊसवर दोन हात असताना! त्यामुळे हे प्रायव्हेट शाळांचं काम असं अजिबात समजू नका.

पण त्याच अभ्यासातल्या बाकीच्या गोष्टीही तेवढ्याच मनावर घ्यायच्या आहेत. भाषेच्या गुणांत काहीच फरक पडला नाही, कारण गेम गणिताचे होते. कार्यक्रम थांबून वर्ष झाल्यावर फायदा घसरून साधारण ०.१० वर आला. आणि त्याच संशोधनात मुंबई-वडोदऱ्यात 'बालसखी' पण होती, म्हणजे वस्तीतलीच शिकलेली मुलगी रोज २ तास कच्च्या मुलांना वेगळं घेऊन बसायची. तिने गुण दुसऱ्या वर्षी ०.२८ ने वाढले, कॉम्प्युटरपेक्षा कमी, पण खर्च दर मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर आणि कॉम्प्युटरचा पंधरा डॉलरच्या वर. म्हणजे खर्च धरला तर बालसखी कितीतरी पुढे. तुमच्याकडे अशी कोणी मदतीला मिळत असेल तर मशीन वाढवून मागायच्या आधी तिला मागा, हे माझं स्पष्ट मत.

अजून एक. ह्यातल्याच ली लिंडनने नंतर गुजरातमध्येच ज्ञानशाळा संस्थेच्या वर्गांमध्ये परत बघितलं. जिथे कॉम्प्युटर नेहमीच्या शिकवण्याच्या वेळेत घुसवला तिथे मुलं ०.५७ ने मागे पडली, आणि जिथे शिकवणं तसंच ठेवून शाळेनंतर दिला तिथे ०.२८ ने पुढे गेली. गेम तेच, मुलं तशीच, फक्त शिकवण्याच्या जागी की शिकवण्याच्या जोडीला एवढाच फरक. जिथे आधीच चांगलं शिकवलं जातंय तिथला तास कापून मुलांना स्क्रीनपुढे बसवायचं नाही, वरून कितीही सर्क्युलर येऊ देत.

मग तुम्ही काय करायचं, तर वर्ग आठ-दहाच्या गटात पाडा, एक गट लॅबमध्ये आणि बाकीचे त्याच धड्याचं काम वहीत करतील असं ठेवा. दोघं-दोघं बसवा पण मधे वेळ ठरवून माऊस बदलायला लावा नाहीतर हुशार मूल खेळतं आणि दुसरं बघत बसतं. पैसे घालायची गरज नाही, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशन फुकट आहेत, बरीच मराठीत सुद्धा मिळतात, आणि एकदा उतरवून घेतली की नेट गेलं तरी चालतात. कार्ल वायमन ह्या नोबेलवाल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये ते काम सुरू केलं. त्यातलं अपूर्णांकाचं नक्की उघडून बघा. खालचा आकडा वाढवला की वर्तुळाचे तेवढे तुकडे होतात, आणि मुलांना डोळ्यांनी दिसतं की तुकडे वाढले पण एकेक तुकडा लहान झाला. एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा असतो असं चौथी-पाचवीतली किती मुलं म्हणतात ते तुम्हाला मी काय सांगू. पण फळ्यावर एकदा तोच प्रश्न विचारून, मुलांचे अंदाज लिहून घेऊन मगच लॅबमध्ये न्या, नाहीतर नुसते रंग बघून येतात.

सुरुवात एकाच धड्यापासून, एकाच वर्गात करा. सयाजीराव महाराजांनी सुद्धा सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात करून बघितलं आणि १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानाला लागू केलं.

माझे ट्यूशन क्लासेस आहेत. ऍपवर पॉइंट, बॅज आणि सगळ्यांना दिसेल असा लीडरबोर्ड (कोण कितव्या नंबरवर त्याची यादी) चालू करायचा विचार आहे. मुलं जोशात येतील ना?
*एक क्लासचालक, मांजलपूर*

येतील सर, पहिले काही आठवडे नक्की येतील. पण नंतरचं बघा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्यांनी बालवाडीतली अशी मुलं घेतली ज्यांना चित्र काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सर्टिफिकेट मिळेल, आणि दिलं पण. थोड्या दिवसांनी परत रंग समोर ठेवले, आता बक्षीस काही नाही, तर ह्या मुलांनी बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्र काढलं. जे स्वतःच्या आवडीने चाललं होतं ते बक्षिसासाठी झालं आणि बक्षीस गेल्यावर तेही गेलं.

आणि लीडरबोर्डवर तीन-चार नावं वर असतात, तीच तीच. खाली जो अठराव्या नंबरवर आहे तो दर आठवड्याला सगळ्यांसमोर अठरावा होतो, त्याची आई पण बघते, शेजारची पण बघते. २०१५ मध्ये हॅनस आणि फॉक्स ह्यांनी कॉलेजच्या एका पूर्ण सेमिस्टरभर बॅज-लीडरबोर्डवाला वर्ग आणि साधा वर्ग अशी तुलना केली होती, त्यात बॅजवाल्या वर्गाची गोडी कमी झाली आणि फायनलचे मार्कही कमी आले. करायचंच असेल तर प्रत्येक मुलाला त्याचाच मागच्या महिन्याचा आलेख दाखवा, फक्त त्याला. आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आता २०२५ च्या कायद्याने बंद आहेत, त्यामुळे कूपन-रिचार्जवाली बक्षिसं असलेलं कुठलंही ऍप मुलांपर्यंत नेऊ नका.

ताई, नात चार वर्षांची आहे. सून म्हणते टॅबवर आकड्यांचे गेम आहेत ते लावून द्या. मला वाटतं सापशिडी बरी. मी जुन्या वळणाचा, माझं चुकतंय का?
*एक आजोबा, दांडिया बाजार*

काका, तुमच्या बाजूने चांगला पुरावा आहे. २००८ मध्ये अमेरिकेत रामाणी आणि सीग्लर ह्या दोघांनी गरीब घरातल्या चार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर एक साधा पट खेळला. एका सरळ ओळीत १ ते १० घरं, फिरकीवर १ किंवा २ येणार, तेवढी घरं पुढे. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, बस. मुलांची आकड्यांची समज चांगलीच वाढली आणि नऊ आठवड्यांनी तपासली तरी टिकून होती. ज्यांच्या पटावर आकड्यांऐवजी रंग होते त्यांच्यात तसं काही झालं नाही.

ह्यात एक बारीक गोष्ट होती ती मात्र तुम्ही नक्की पाळा. नात ४ वर असेल आणि २ पडले तर तिने "एक, दोन" म्हणत पुढे जायचं नाही, "पाच, सहा" म्हणायचं. घरावरचा आकडा तोंडाने म्हणत पाऊल टाकायचं. १०० घरांची सापशिडी तिला सध्या जड जाईल, ओळ दर वेळी उलटी फिरते ना, म्हणून आधी फरशीवर खडूने १ ते १० ची सरळ पट्टी काढा आणि तिलाच त्यावर उभी करा, साप-शिड्या नंतर. सूनबाईंच्या टॅबवरही सरळ पट्टीचा असा गेम असेल आणि त्यातले आकडे मराठीत बोलत असतील तर थोडा वेळ चालेल, त्यावर भांडू नका. पण शेजारी बसून "आता कुठे आलीस? दहाला अजून किती राहिले?" असं विचारणारं माणूस टॅबमध्ये नाहीये, ते तुम्ही आहात.

मी एम.एड. करतेय. माझा लघुशोधप्रबंध सातवीसाठी अपूर्णांकांच्या मोबाईल गेमवर आहे. एका तुकडीला गेम, दुसरीला नेहमीचं शिकवणं, शेवटी टेस्ट आणि मग टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक योगायोगाचा आहे का ते बघायचं गणित), असं ठरलंय. पण मला काहीतरी राहतंय असं वाटतं.
*एक विद्यार्थिनी, फतेहगंज*

बरोबर वाटतंय तुला. सगळ्यात आधी, 'अ' आणि 'ब' तुकडी सारख्या नसतात, शिक्षक वेगळे, कधीकधी मुलंच मार्कांप्रमाणे वाटलेली, मग शेवटी जो फरक येईल तो गेमचा की तुकडीचा हे कोणीच सांगू शकणार नाही. गेमच्या आधी टेस्ट घेच, आणि शाळा परवानगी देत असेल तर दोन्ही तुकड्यांतली मुलं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाट. शाळा नाही म्हणाली तर प्रबंधात ते सरळ लिही आणि निष्कर्ष तेवढाच ठेव.

दुसरं म्हणजे, तुझ्या दुसऱ्या गटाला काय मिळतंय? एका गटाला नवीन मोबाईल, नवीन ताई, मजा, आणि दुसऱ्याला रोजचाच तास, तर नवेपणाचाच परिणाम मोजला जाईल. दिल्लीत प्रथमच्याच बालवाड्यांमध्ये मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, डुफ्लो वगैरेंनी गणिताच्या कार्डांचे खेळ घेतले होते, २०१७ मध्ये 'सायन्स' ह्या संशोधन नियतकालिकात आलंय. तिथे तुलनेसाठी एक गट असा ठेवला की तोही तितकाच वेळ खेळला, पण खेळ चेहरे आणि भावना ओळखायचे. असं काहीतरी कर, दुसऱ्या गटालाही तेवढाच वेळ अपूर्णांकच, पण कागदी पट्ट्या घड्या घालून.

त्याच अभ्यासातलं पुढचं तर तू भिंतीवर लिहून ठेव. खेळ खेळलेल्या मुलांची संख्या-आकारांची उपजत समज वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली, पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात त्यांना काही फायदा दिसला नाही. म्हणजे मुलं गेममध्ये शिकलेलं वहीपर्यंत आपोआप नेत नाहीत. म्हणून तुझी टेस्ट गेमच्या पडद्यासारखी नको. काही प्रश्न गेमसारखे, काही पाठ्यपुस्तकासारखे आणि काही अगदी नवीन, म्हणजे "पाऊण लिटर दूध तिघांत सारखं वाट" असे. आणि संपल्या संपल्या एक टेस्ट घेऊन थांबू नकोस, दिवाळी वेकेशनच्या आधी गेम संपव आणि उत्तरायण झाल्यावर न सांगता परत एक टेस्ट घे. वडोदऱ्याच्या अभ्यासात फायदा किती विरला ते वर लिहिलंच आहे, विरणं मोजल्याशिवाय असल्या अभ्यासाला माझ्या मते अर्थ नाही.

आणि गेममधला स्कोअर म्हणजे शिकणं समजू नकोस. चार-पाच मुलांना खेळताना शेजारी बसून "हेच का दाबलंस?" विचार, रेकॉर्ड कर, तुला टी-टेस्टपेक्षा जास्त तिथे सापडेल. एखादा मुलगा सांगेल की खालचा आकडा मोठा दिसला की डावीकडचं बटण दाबायचं, बरोबरच येतं. तुझा गेम सगळा हिरवा आणि मुलाला अपूर्णांक अजून कळलेलाच नाही, हे टेस्टच्या आकड्यात दिसत नाही.

परवानगीचं विसरू नकोस. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते. फॉर्म मराठीत किंवा गुजरातीत दे, जी भाषा घरात वाचतात ती, आणि मुलांच्या नावांऐवजी नंबर वापर.

मी आठवीत आहे. मला गेम खेळण्यापेक्षा बनवायचा आहे. कोडिंगचा क्लास लावायला पप्पा नाही म्हणतात. कुठून सुरू करू?
*एक विद्यार्थी, प्रतापनगर*

पप्पा नाही म्हणाले तरी काही अडत नाही. स्क्रॅच फुकट आहे, अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ मध्ये मुलांसाठीच काढलं, कॉम्प्युटरवर उतरवून घेतलंस की नेटशिवाय चालतं. टाइप फारसं करायचं नाही, रंगीत ब्लॉक एकमेकांत अडकवायचे.

उघडलंस की मधे एक मांजर दिसेल. ती जिथे आहे तो ०, ०. उजवीकडे गेली की x वाढतो, २४० पर्यंत, डावीकडे गेली की उणे २४०. वर y १८० आणि खाली उणे १८०. उणे संख्या पुस्तकात तू वाचल्यात, इथे मांजर खरोखर उणे शंभरवर जाऊन उभी राहते. पहिला गेम छोटाच कर. एक पतंग बाणाच्या बटणांनी वर-खाली, डाव्या कडेने दुसरे पतंग येतायत, लागला की तो कटला आणि स्कोअरमध्ये एक जमा. समोरचा पतंग उजव्या टोकाला पोचला की त्याला परत x उणे २४० वर पाठवायचं, आणि y दर वेळी वेगळा, त्यासाठी यादृच्छिक (रँडम, म्हणजे दर वेळी कुठलीही) संख्येचा एक ब्लॉक आहे तो शोध.

झाला की तुझ्यापेक्षा लहान कोणालातरी खेळायला दे आणि तू हाताची घडी घालून बस. कसा खेळायचा ते सांगायचं नाही. तो कुठे अडला, कुठलं बटण चुकून दाबलं, कुठे कंटाळला, सगळं वहीत लिही, मग तेवढंच बदल आणि दुसऱ्या कोणालातरी दे. बनला की आम्हाला पाठव, पुढच्या अंकात त्याबद्दल लिहू.